इलेक्ट्रॉन आधी पोचतात

एप्रिल १९७२मध्ये अपोलो १६चे अंतराळवीर चंद्रावरून परतले आणि डिसेंबरात अपोलो १७ निघालं. मधल्या ऑगस्टात सूर्याने इतके वेगवान प्रोटॉन फेकले, की तेव्हा चंद्रावर कुणी चालत असतं तर किरणोत्साराने गंभीर आजारी पडलं असतं. तिथे कुणी नव्हतं, हा निव्वळ योगायोग.

असे प्रोटॉन यायच्या आत सावध करू शकणारं एक लहानसं यंत्र ‘सोहो’ यानावर आहे. डिसेंबर १९९५मध्ये निघालेलं हे यान पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या बाजूला असतं. त्यावरचं ‘कॉस्टेप’ हे उपकरण जर्मनीतल्या कील विद्यापीठाचं. त्याच्या ‘एफिन’ या भागात सिलिकॉनच्या चकत्या एकामागे एक रचलेल्या आहेत. कण किती चकत्या भेदून गेला, प्रत्येकीत किती ऊर्जा टाकून गेला, यावरून तो इलेक्ट्रॉन होता की प्रोटॉन ते कळतं. काम एवढंच, मोजत राहायचं.

या मोजणीतून अंदाज बांधण्याची रीत शास्त्रज्ञ आरिक पोस्नर यांनी २००७ साली मांडली. सूर्यावरच्या उद्रेकात दोन्ही कण सुटतात. दहा लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या ९४ टक्के वेगाने येतो. चार कोटींचा प्रोटॉन मात्र जडपणामुळे २८ टक्क्यांवरच अडतो. फौजेपुढे दौडणाऱ्या जासुदासारखे इलेक्ट्रॉन आधी पोचतात. ते किती आले, किती झपाट्याने वाढले, यावरून मागच्या प्रोटॉनांचा जोर ताडता येतो, कधी कधी तासभर आधी. चंद्रावर आपल्या यानापासून लांब गेलेल्या अंतराळवीराला तेवढ्यात माघारी येता येतं. सूर्यावर नेमकं काय घडलं हे कोडं सुटेपर्यंत ही रीत अडून बसत नाही, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

प्रोटॉन आले की सोहोच्याच कॅमेऱ्यावर पांढऱ्या ठिपक्यांची आणि रेघांची झड लागते, सूर्याचं प्रभामंडल त्यात हरवतं. पण हे दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

प्रत्येक वेळी तास मिळतोच असं नाही. २० जानेवारी २००५च्या उद्रेकात अतिवेगवान प्रोटॉन काही मिनिटांतच पृथ्वीजवळ पोचले. शिवाय सोहोचे आकडे चोवीस तास खाली उतरत नाहीत. जमिनीवरच्या अँटेनांना इतर यानांचीही कामं असतात.

‘पुढचे सहा तास निर्धोक’ असं सांगणं इलेक्ट्रॉन मोजून सावध करण्याहून कठीण, कारण तेव्हा मोजायला कण सुटलेलेच नसतात. त्यासाठी सौरडागांचं चुंबकत्व आणि उद्रेकाची पूर्वतयारी वाचावी लागते. पुण्याच्या आयुका या संस्थेने सूर्याचा अभ्यास करणाऱ्या आदित्य-एल१ यानासाठी घडवलेली ‘सूट’ दुर्बीण अतिनील प्रकाशात सूर्याचे असे डागांचे आणि उद्रेकांचे भाग टिपते आहे.