जितके रंग, तितक्या चौकटी

ताईंनो, पिशव्यांवर नाव छापतात ते स्क्रीन प्रिंटिंग आपण पाहिलंय. सय्यद हैदर रझा यांच्या चित्रांचे छापही याच पद्धतीनं निघाले. रझा १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या जंगल भागात जन्मले. वडील वनखात्यात होते. रझा नागपूरला चित्रकला शिकले, पुढे मुंबई आणि पॅरिसला गेले. काळा बिंदू, लाल-पिवळे त्रिकोण आणि ठसठशीत कडा, ही त्यांची ओळख.

अशी कड येते कशी? चौकटीवर बारीक जाळी ताणतात. रंग नको तिथली छिद्रं बुजवतात. मग रबरी पट्टीनं रंग ओढायचा. उघड्या जागेतूनच तो कापडावर उतरतो. प्रत्येक रंगाला वेगळी चौकट लागते. रंग पातळ असला की कड फुटते. पहिला ओला असताना दुसरा लावला की दोन्ही मिसळतात. चौकट जराशी सरकली तरी दोन रंगांत फट दिसते, म्हणून कोपऱ्यांना खुणा करायच्या. काम झालं की जाळी लगेच धुवायची.

तिसरा रंग बिघडला तर आधीचे दोन रंग आणि पिशवी, सगळंच वाया जातं. म्हणून गटानं सुरुवात एका-दोन रंगांनी करावी, आणि ऑर्डर घेताना रंग मोजूनच दर सांगावा.