एकच स्तोत्र, दोन सूर

येशूच्या जन्मापूर्वी मेरीने गायिलेले स्तोत्र म्हणजे ‘मॅग्निफिकात’. भुकेल्यांना अन्न मिळाले, धनवंत रिकाम्या हातांनी परतले, असे लूकच्या शुभवर्तमानातील हे गाणे सांगते. इटलीचा विवाल्दी आणि जर्मनीचा बाख या दोघांनीही ते लॅटिनमध्येच स्वरबद्ध केले.

विवाल्दी १७०३ पासून व्हेनिसच्या ‘पिएता’ अनाथालयात व्हायोलिन शिकवीत असे. जन्मतःच टाकून दिलेल्या मुली तेथे जाळीआडून गात. त्याची रचना जेमतेम पंधरा मिनिटांची. सत्ताधीशांच्या पतनाची ओळ सारा वृंद एकाच सुरात कडाडून गातो. भुकेल्यांची ओळ मात्र दोनच स्त्रीकंठ गातात.

बाखने १७२३ मध्ये लाइपझिगला रचलेले स्तोत्र जवळजवळ दुप्पट लांब आहे. पाच स्वरांचा वृंद, तुताऱ्या, नगारे असा थाट! पण भुकेल्यांची ओळ तोही एकाच कंठाला देतो. सोबतीला दोन बासऱ्या. अखेरच्या सुरापाशी त्या एकाएकी थांबतात. धनवंतांचे हात रिकामेच!

दोन्ही रचना एकामागून एक ऐकून पाहा. बाख त्या ओळीचा अर्थ सुरांतून दाखवतो. विवाल्दीची ओळ ऐकताना मात्र त्या जाळीआडच्या मुली आठवल्यावाचून राहत नाहीत.