ट्रॅक्टर अडला तर कोणाला काय विचारावे?



तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला यावा, असे आम्ही दर हंगामात सांगतो. पण ट्रॉल्या भरून फडातच ट्रॅक्टर बसला, तर ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो आणि टोळी बांधावर बसून राहते. मग मालक घाईघाईने डीलरकडे धावतो आणि म्हणतो, "ट्रॅक्टर ओढत नाही बघा." एवढ्यावर समोरचा तरी काय सांगणार? तो अंदाजाने चार सुटे भाग काढून देतो, बिल आपल्या माथी.

डीलरकडे जाताना चासी नंबर व इंजिन नंबर लिहून न्यावा. एकाच मॉडेलमध्ये कंपनी मध्येच भाग बदलते. नुसते मॉडेल सांगितले की न बसणारा भाग घरी येतो आणि खेप वाया जाते. तास किती झाले, ऑइल व फिल्टर कधी बदलले, हेही सांगावे. मग लक्षण. बिघाड थंड इंजिनला की तापल्यावर? रिकाम्या ट्रॉलीला की भरल्या? धूर कसला? काळा धूर म्हणजे हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त जाते. निळसर असेल तर ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल, तर डिझेल न जळता जाते किंवा पाणी आत शिरते.

याचा उपयोग बघा. भरल्या ट्रॉलीला जोर कमी आणि काळा धूर म्हटले, की "पंप उतरवा" हा सल्ला लगेच मिळतो. पंपाचे काम खर्चाचे. पण पाचटाचा भुसा आणि रस्त्याची धूळ यांनी एअर क्लीनर कोंडला तरी नेमके हेच लक्षण दिसते, आणि क्लीनर खोलून बघायला पैसे पडत नाहीत. म्हणून आधी विचारावे, "पंपाआधी काय काय तपासले?" उत्तर गुळमुळीत आले तर पंपाला हात लावू देऊ नये.

काउंटरवरचा मनुष्य भाग विकतो. दुरुस्तीतले कळते ते वर्कशॉपमधल्या जुन्या फिटरला. त्याची गाठ पावसाळ्यात घ्यावी, ऐन हंगामात त्याला मान वर करायला फुरसत नसते. जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्यावी, बिलावर पार्ट नंबर घालून घ्यावा, जुना भाग परत मागावा. वॉरंटीत बदललेला भाग बहुधा कंपनी ठेवून घेते, तिथे वाद नको.

दुसऱ्या मालकाला विचारायची रीत निराळी. "तुमचा ट्रॅक्टर कसा?" म्हटले की "एक नंबर!" कर्ज काढून घेतलेल्या वस्तूला कोण नावे ठेवील? त्यापेक्षा क्लचप्लेट किती तास चालली, कंपनीची होती की बाजारातली, कोणी बसवली, हे विचारा. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्याचा क्लच आणि नुसत्या रोटाव्हेटरवाल्याचा क्लच यांची तुलना नाही. त्यात ड्रायव्हरचा पाय कायम क्लचवर असेल तर कोणतीही प्लेट लवकरच जाणार. निरनिराळ्या गावच्या तीन-चार मालकांचे उत्तर जुळले तरच ते धरावे.

टूलबॉक्समध्ये एक वही ठेवा, त्यात तारीख, तास, बदललेला भाग आणि खर्च टिपा. वाहतुकीच्या कराराला गट ऑफिसात याल तेव्हा ती सोबत आणा. त्याच मॉडेलचे आणखी मालक गटात कोण, हे चिटबॉयला विचारून घेता येईल.

— ऊस विकास अधिकारी