एवढा मोठा मुलूख, मग राहायला खोली का मिळेना?

माझ्याकडून तुम्हाला खताच्या मात्रा, बोंडअळी आणि ठिबक यांविषयी ऐकण्याची सवय. आजचा विषय जरा लांबचा आहे, थेट कॅनडाचा. पण तो आपल्या बांधापर्यंत येऊन ठेपला, म्हणून लिहायला बसलो.

दिवाळीनंतर एक ओळखीचे बागायतदार कचेरीत आले. माती परीक्षणाचा अहवाल न्यायला आले असतील असे मला वाटले. पिशवीतून निघाले ते मुलाच्या कॉलेजप्रवेशाचे कागद. म्हणाले, "साहेब, पोरगा कॅनडाला जायचं म्हणतो. तीन एकर बागायत तारण ठेवावी लागंल. पण त्याचा मित्र तिथनं सांगतो, एका तळघरात सहा जण झोपतो, अन् तेबी भाडं परवडंना. एवढा मोठा मुलूख, माणूस थोडा, मग राहायला खोली का मिळेना?"

"अण्णा, प्रश्न लाखाचा विचारलात," मी म्हटले. त्यांना जे सांगितले, तेच जरा विस्ताराने तुम्हाला सांगतो.

कॅनडाचे क्षेत्रफळ आपल्या देशाच्या तिप्पट. लोकसंख्या मात्र सव्वाचार कोटींच्या आत, म्हणजे एकट्या महाराष्ट्राच्या निम्म्याहूनही कमी. पण उत्तरेचा बहुतेक भाग बर्फाचा आणि खडकाचा. शंभरातली नव्वद माणसे अमेरिकेच्या सरहद्दीपासून शे-दीडशे कोसांच्या नव्हे, अवघ्या १६० किलोमीटरच्या पट्ट्यात राहतात. त्यातही टोरांटो, व्हँकुव्हर, मॉन्ट्रियल या शहरांभोवतीच गर्दी. सातबाऱ्यावर क्षेत्र मोठे, पण लागवडीलायक थोडे आणि पोटखराबाच जास्त, असे आपण म्हणतो ना, तसाच हा प्रकार.

आता माणसांचा हिशेब. कोणत्याही गावाची वस्ती दोनच वाटांनी वाढते: पाळण्यातून आणि वेशीतून. कॅनडात पाळणे फार कमी हलतात. २०२३ मध्ये तिथे एका स्त्रीमागे सरासरी १.२६ मुले होती. पिढी जागच्या जागी टिकायला दोनाहून थोडी अधिक लागतात. तरीही त्याच वर्षी लोकसंख्या सुमारे १२ लाख ७२ हजारांनी, म्हणजे शेकडा ३.२ ने वाढली. या वाढीतले शंभरातले जवळजवळ ९८ जण वेशीतून आलेले. जन्म वजा मृत्यू केल्यावर उरतात ते जेमतेम तीस हजार.

त्या देशाला हे नवे नाही. १८७२ च्या कायद्याने तिथे दहा डॉलर फी भरणाऱ्याला १६० एकर जमीन मिळे. अट एवढीच की तीन वर्षे तिथे राहून ती कसायची. ही जमीन तिथल्या मूळ रहिवाशांच्या हातून काढून घेतलेली होती, हेही सांगितले पाहिजे. १८९६ पासून क्लिफर्ड सिफ्टन नावाच्या मंत्र्याने युक्रेनसारख्या मुलखांतून शेतकरी कुटुंबे बोलावली. १९१३ साली चार लाखांवर माणसे आली. हा आकडा पुढे २०२१ पर्यंत ओलांडला गेला नाही.  त्यांतले बरेच जण गवताळ रानात जात, मुळांसकट मातीच्या ढेपा कापून स्वतःचे घर स्वतः रचत. सगळ्यांना मात्र दार उघडे नव्हते. १९१४ मध्ये 'कोमागाटा मारू' बोटीतून गेलेल्या आपल्या ३७६ लोकांपैकी बहुतेकांना व्हँकुव्हरहून परत पाठवले. पुढे १९६७ पासून वंश न बघता वय, शिक्षण, भाषा यांना गुण देऊन निवड सुरू झाली.

आजचा येणारा रानात जात नाही, शहरात जातो, आणि विमानातून उतरतो त्याच रात्री त्याला छप्पर हवे असते. घर मात्र एका रात्रीत उभे राहत नाही. माणसे येतात पाटाच्या पाण्यासारखी, घरे येतात फळबागेसारखी: कलम आज लावले तरी फळ तीन-चार वर्षांनी. मघाचे १२ लाख ७२ हजार घ्या. एका घरात सरासरी अडीच माणसे धरली तर पाच लाख घरे लागतील. २०२३ मध्ये काम सुरू झाले ते सुमारे २ लाख ४० हजार घरांचे. (विद्यार्थी दाटीवाटीने राहतात, त्यामुळे हा हिशेब तंतोतंत नाही, पण तफावत ध्यानात यावी.) परिणाम असा की भाड्याच्या घरांपैकी शंभरात दीडच रिकामे उरले. १९८८ पासून एवढे कमी कधीच नव्हते. त्याच वर्षी भाडी सरासरी आठ टक्क्यांनी चढली.

इथे एक गैरसमज काढून टाकला पाहिजे. घरांची टंचाई सगळी परक्यांमुळे, असे तिथे बरेच लोक म्हणू लागले. ते खरे नाही. २०२० मध्ये साथीमुळे सरहद्दी बंद होत्या, येणारे एकदम कमी झाले, तरी घरांच्या किमती वाढतच गेल्या. कारण व्याज. मध्यवर्ती बँकेचा दर पाव टक्क्यावर आला होता. स्वस्त कर्ज मिळाल्यावर ज्याला त्याला मोठे घर हवे झाले, कोणी दुसरे घर गुंतवणूक म्हणून घेतले. मग महागाई आवरण्यासाठी २०२२ च्या मार्चपासून तोच दर चढत जाऊन जुलै २०२३ मध्ये पाच टक्के झाला. किमती थोड्या उतरल्या, पण हप्ते न झेपल्याने खरेदीदारही भाड्याच्या रांगेत उभा राहिला.

शिवाय नगरपालिकांचे नियम. टोरांटोच्या फार मोठ्या भागात वर्षानुवर्षे एका भूखंडावर एकच घर बांधता येई. चार बिऱ्हाडांच्या घराला परवानगी मिळाली ती मे २०२३ मध्ये. आणि गवंडी-सुतार कुठून आणायचे? गुण मिळत पदवीला, थापीला नाही. कारागिरांसाठी वेगळी निवड २०१३ साली सुरू झाली.

आपल्या कामाची गोष्ट आता सांगतो, कारण ती जमिनीची आहे. टोरांटोभोवती सुमारे वीस लाख एकरांचा शेतीचा आणि वनाचा हिरवा पट्टा २००५ पासून कायद्याने राखलेला आहे. घरे कमी पडतात म्हणून नोव्हेंबर २०२२ मध्ये प्रांतिक सरकारने त्यातली सुमारे ७,४०० एकर जमीन पन्नास हजार घरांसाठी मोकळी करायचे ठरवले. पण ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारी लेखापरीक्षकाने अहवाल दिला की निवडीत ठरावीक विकासकांना झुकते माप मिळाले, त्यांच्या जमिनीची किंमत आठ अब्ज डॉलरांवर वाढण्याचा अंदाज होता, आणि घरांचे उद्दिष्ट गाठायला या जमिनीची गरजच नव्हती. लोक खवळले. सप्टेंबरमध्ये मुख्यमंत्री डग फोर्ड यांनी माफी मागून निर्णय फिरवला. शहराशेजारच्या गावांत बिगरशेती आणि गुंठेवारी ज्यांनी डोळ्यांनी पाहिली आहे, त्यांना यातली मेख वेगळी सांगायला नको.

आता विद्यार्थ्यांकडे वळू. परदेशी विद्यार्थ्याची फी तिथल्या मुलाच्या साधारण पाचपट. ऑन्टारियो प्रांताने २०१९ मध्ये स्थानिक मुलांची फी दहा टक्क्यांनी उतरवून गोठवली. कॉलेजांनी ती तूट बाहेरच्या मुलांकडून भरून काढली. त्यांत सर्वांत जास्त आपली भारतीय मुले. प्रवेश दिले, वसतिगृहे मात्र बांधली नाहीत. ब्रॅम्प्टनसारख्या गावांत तळघरे भाड्याने जाऊ लागली. अण्णांच्या पोराचा मित्र अशाच एका तळघरात असणार.

शेवटी सरकारने दार ओढून घेतले. जानेवारी २०२४ मध्ये विद्यार्थी परवान्यांवर मर्यादा आली. कायमच्या वास्तव्याचे वार्षिक लक्ष्य पाच लाखांवरून २०२५ साठी ३ लाख ९५ हजारांवर आणले, आणि २०२६ पासूनच्या तीन वर्षांसाठी ते ३ लाख ८० हजार ठरले. २०२५ च्या पहिल्या तीन महिन्यांत लोकसंख्येची वाढ जवळजवळ थांबली. टोरांटो-व्हँकुव्हरकडची नवी भाडीही उतरली. तेव्हा माणसांच्या ओघाचा भाड्यावर परिणाम होतो हे खरेच. विकत घेण्याच्या किमतीवर मात्र व्याजाचा आणि नियमांचा हात मोठा.

अण्णांना मी 'पाठवा' म्हटले नाही, 'पाठवू नका' असेही नाही. चार गोष्टी विचारायला सांगितल्या. त्या अभ्यासक्रमानंतर काम करण्याचा परवाना मिळतो का? नोव्हेंबर २०२४ पासून पदविकांना तो ठरावीक विषयांतच मिळतो. (शेती व अन्नप्रक्रिया त्यांत आहे, याचे मला बरे वाटले.) प्रांताचे संमतिपत्र कोण देणार? वसतिगृह आहे की नाही? आणि फीशिवाय वर्षाच्या खर्चापोटी २२,८९५ डॉलर दाखवायची अट १ सप्टेंबर २०२५ पासून आहे. डॉलरला साठ रुपये धरले तरी साडेतेरा लाखांवर जाते. हा पैसा कुठून येणार, आणि परवाना वाढला नाही तर हप्ता कोणत्या पिकातून फिटणार? दलाल या प्रश्नांवर हसून विषय बदलतो, असा माझा अनुभव आहे. म्हणून उत्तरे कॉलेजकडून लेखी मागवा, असेही बजावले.

मागच्या आठवड्यात अण्णा पुन्हा आले. तारणाचा अर्ज अजून कोराच आहे. दलालाने सुचवलेल्या पदविकेला पुढचा काम-परवाना नाही, हे मुलाने स्वतःच शोधून काढले. आता तो अन्नप्रक्रियेच्या अभ्यासक्रमाची माहिती मागवतो आहे आणि वसतिगृहाच्या उत्तराची वाट पाहतो आहे. निघताना अण्णांना माती परीक्षणाची आठवण झाली. अहवाल दिला. जस्त कमी निघाले आहे, एवढे सोडले तर जमीन चांगली आहे.