चतुर्थीआधी मूर्ती किती बनवायच्या? पेणच्या कारखान्यांचं गणित, कारागिराची उचल आणि धाटावचा डॉलर

पेण / रोहा : दिवाळीचे दिवे विझले की हमरापूर, जोहे, कळवे भागातल्या गणपती कारखान्यांत एकच प्रश्न घोळायला लागतो. यंदा नग किती काढायचे? २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. त्या दिवशी सकाळपर्यंत ज्या मूर्तीला हजार रुपये मिळतात, तिला दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक नाही. कमी बनवल्या तर दारात आलेला व्यापारी परत जातो, आणि पुढच्या वर्षी तो शेजारच्या कारखान्यात जातो. जास्त बनवल्या तर पैसा वर्षभर शेडमध्ये अडकून पडतो.

हाच प्रश्न जगभरच्या व्यवस्थापन शाळांत शिकवला जातो. तिथे त्याला ‘पेपरवाल्याचा प्रश्न’ म्हणतात. पेपर विकणारा पहाटे किती प्रती उचलतो, त्यावर त्याची दिवसाची कमाई ठरते, कारण संध्याकाळी उरलेला पेपर रद्दी. फरक इतकाच, की पेपरवाला चुकला तर दुसऱ्या दिवशी सुधारतो. पेणच्या कारखानदाराला सुधारायला एक वर्ष थांबावं लागतं.

या प्रश्नाचं उत्तर काढायची रीत सोपी आहे. एक नग कमी पडला तर किती बुडाले आणि एक नग उरला तर किती बुडाले, हे दोन आकडे आधी कागदावर मांडायचे. समजा पीओपीची एक मूर्ती ६०० रुपयांत पडते आणि १,००० ला जाते. म्हणजे कमी पडली तर ४०० गेले. उरली तर ती पुढच्या वर्षी रंग मारून विकता येते, म्हणून तिची किंमत ४५० धरू. नुकसान १५० चं. आता ४०० ला ५५० ने (४०० अधिक १५०) भागलं तर उत्तर येतं साधारण ७३ टक्के. अर्थ असा, की दहापैकी सात वर्षं माल पुरेल इतक्या मूर्ती काढाव्यात. मंदीच्या वर्षी ८०० आणि तेजीच्या वर्षी १,२०० नग खपत असतील, तर हा आकडा १,०९० च्या आसपास जातो. सरासरी हजारापेक्षा जास्त.

शाडूचं गणित वेगळं पडतं. माती गुजरातहून येते, हात जास्त लागतात, पावसाळी हवेत मूर्ती वाळायला वेळ घेते आणि उरलेली मूर्ती जपून ठेवणं कठीण, कारण ती तडकते. समजा खर्च ९००, विक्री १,४००, आणि उरलेल्या मूर्तीची किंमत फक्त ४००. दोन्हीकडे नुकसान ५०० चंच. उत्तर ५० टक्के, म्हणजे हजारच नग काढायचे, वरचा एकही नाही. पर्यावरणाच्या दृष्टीने शाडू चांगली हे सगळ्यांना पटतं, तरी कारखानदार शाडूचे जास्तीचे नग काढताना हात आखडता का घेतो, ते इथे दिसतं. त्याला हट्टीपणा म्हणणं बरोबर नाही.

नियम बदलला की आकडा बदलतो

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये मूर्ती विसर्जनाचे सुधारित नियम आणले, त्यात पीओपीवर बंदी होती. त्याच वर्षी जुलैमध्ये कोरोनामुळे राज्य सरकारने मंडळाची मूर्ती चार फूट आणि घरची दोन फूट अशी मर्यादा घातली. चतुर्थी २२ ऑगस्टला होती. मोठ्या मूर्ती तोवर साच्यातून बाहेर पडल्या होत्या. पुढे ३० जानेवारी २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने पीओपी बंदी काटेकोर पाळायला सांगितलं. त्यानंतर ९ जूनला न्यायालयाने पीओपी मूर्ती बनवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक पाण्यात विसर्जन नाही या अटीवर. २४ जुलैला सहा फुटांपेक्षा उंच मूर्तींना समुद्र वगैरे ठिकाणी विसर्जनाची सवलत मार्च २०२६ पर्यंत मिळाली. त्या वर्षीची चतुर्थी होती २७ ऑगस्टला.

तारखा नीट पाहा. जानेवारी ते जून हा कारखान्याचा कमाईचा नव्हे, खर्चाचा काळ. साचे भरायचे, काथ्या आणि रंग उचलायचे, मजुरी द्यायची ती याच महिन्यांत. नेमके यातले चार महिन्यांहून जास्त दिवस माल काढावा की नाही, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

वरच्या हिशेबात एकच आकडा बदलून पाहू. उरलेली पीओपी मूर्ती पुढच्या वर्षी विकता येईल याची खात्री उरली नाही, म्हणून तिची किंमत ४५० ऐवजी १०० धरली, तर उरलेल्या नगाचं नुकसान १५० वरून ५०० वर जातं. ४०० भागिले ९००, म्हणजे ४४ टक्के. आणि नग १,०९० वरून ९८० च्या खाली. बंदी लागू झाली नाही तरी, नुसत्या ‘लागू होईल का’ या धास्तीने एका कारखान्यात शंभराहून जास्त मूर्ती कमी निघतात. त्या मूर्तींचं घासकाम, रंगकाम करणाऱ्या हातांचे तेवढे दिवस कमी होतात, आणि ते कोणत्याही पंचनाम्यात दिसत नाहीत.

बयाणा हेच हेजिंग

टीव्हीवर ‘हेजिंग’ हा शब्द शेअर बाजाराच्या बातम्यांत येतो. त्याचा अर्थ कुंपण घालणं. भाव कुठेही गेला तरी आपलं नुकसान एका मर्यादेबाहेर जाऊ नये, याची आधीच केलेली सोय. पेणमध्ये ही सोय फार जुनी आहे, तिला बयाणा म्हणतात. मुंबई-पुण्याचा व्यापारी हंगामाआधी येतो, नग आणि भाव ठरवतो, आगाऊ पैसे टाकून जातो. व्यापाऱ्याला भाव पक्का मिळतो, कारखानदाराला गिऱ्हाईक.

त्याच उदाहरणात, प्रत्येक नगावर परत न होणारा ३०० रुपये बयाणा मिळाला आणि व्यापाऱ्याने माल उचलला नाही, तर नुकसान ५०० ऐवजी २०० राहतं. गणित पुन्हा ६७ टक्क्यांवर येतं आणि नग १,०६५ च्या आसपास. बयाण्याने धास्तीचा बराचसा भाग भरून निघतो. जोखीम मात्र नाहीशी होत नाही, ती व्यापाऱ्याच्या गळ्यात जाते. म्हणूनच नियमांचा घोळ असलेल्या वर्षी व्यापारीही बयाणा द्यायला कां-कूं करतो.

आणखी एक युक्ती पेणकर पिढ्यान्‌पिढ्या वापरतात आणि तिचं श्रेय कुणी त्यांना देत नाही. मूर्ती कच्ची ठेवायची, रंग शेवटी. कच्चा माल दुसऱ्या गावच्या कारागिरालाही जातो, तो आपल्याकडच्या आवडीप्रमाणे रंगवतो. पितांबर कुठलं, शेला कसा, हे मागणी कळल्यावर ठरतं. इटलीच्या बेनेटन कंपनीने स्वेटर आधी पांढरे विणून नंतर रंगवायला सुरुवात केली, तेव्हा हे व्यवस्थापनाच्या पुस्तकांत उदाहरण म्हणून छापलं गेलं. निर्णय जितका उशिरा, तितका अंदाज कमी चुकतो.

रोह्यात डॉलरचं कुंपण

रोह्याजवळ धाटाव एमआयडीसीत रसायनांचे कारखाने आहेत. ज्या कारखान्याचा कच्चा माल परदेशातून येतो, त्याची डोकेदुखी गणपती कारखान्यासारखीच, फक्त चलनाची. समजा आज एक लाख डॉलरचा माल मागवला, पैसे ९० दिवसांनी द्यायचे. आज डॉलर ८५ रुपये धरू. तीन महिन्यांनी ८८ झाला तर तीन लाख रुपये जादा गेले, आणि माल तर तेवढाच. अशा वेळी कारखाना बँकेशी आगाऊ करार करतो, ९० दिवसांनी डॉलर ८५ रुपये ५० पैशांनी घेणार. पन्नास हजार जास्त जातात, पण आकडा आजच पक्का होतो. डॉलर ८३ वर आला तरी मग ८५.५० नेच घ्यावा लागतो, आणि तेव्हा ‘उगाच करार केला’ म्हणून ऑफिसात कुरबुर होते. ती कुरबुर चुकीची. कुंपण बैल आत शिरला नाही म्हणून फुकट गेलं, असं कुणी शेतकरी म्हणत नाही.

(रुपयाच्या या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख. १९४३ मध्ये ते त्या खुर्चीवर बसले. रोह्याच्या कॉलेजला त्यांचंच नाव आहे.)

कंपन्यांनी हेजिंग करावंच का, यावर अर्थशास्त्रात मोठा वाद झाला. १९९३ मध्ये फ्रूट, शार्फस्टाइन आणि स्टाइन या तिघांनी दिलेलं उत्तर आजही मानलं जातं. ते थोडक्यात असं : कुंपण नफा वाढवायला घालायचं नसतं, ऐन कामाच्या वेळी हातात रोकड असावी म्हणून घालायचं असतं. बाहेरून कर्ज काढणं महाग असेल तर ही रोकड जास्तच मोलाची. जून-जुलैत रंगाचं बिल आणि मजुरी एकदम अंगावर येते, तेव्हा महिन्याला दोन-तीन टक्क्यांनी पैसे उचललेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

शेतीतही तेच दिसलं. आंध्र प्रदेशात काही शेतकऱ्यांना पावसाचा विमा देऊन अभ्यास झाला. विमा मिळालेले शेतकरी एरंड, भुईमूग अशा जास्त जोखमीच्या, पण जास्त पैसे देणाऱ्या पिकांकडे वळले. महाराष्ट्रात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात पीक विमा होता. २०२५ मध्ये ती सवलत बंद होऊन खरिपाला पुन्हा दोन टक्के हप्ता आला. भाताचा विमा काढायचा की नाही, हे ठरवताना नुसता हप्ता पाहून भागत नाही.

उचल दिली तर काम वाढतं का?

गणपती कारखान्यात बरंच काम नगावर चालतं. नगावर मजुरी दिली की काम वाढतं, हे अमेरिकेतल्या सेफलाइट या गाडीच्या काचा बसवणाऱ्या कंपनीत मोजलं गेलं. तासाची मजुरी बंद करून काचेमागे पैसे दिल्यावर प्रत्येकी काम ४४ टक्के वाढलं. एडवर्ड लेझिअर यांच्या हिशेबाने यातला जवळपास निम्मा भागच जुने कामगार भरभर काम करू लागल्यामुळे होता. उरलेला बराचसा, चलाख कामगार तिकडे टिकले आणि नवे आले म्हणून. शिवाय वाईट बसवलेली काच त्याच कामगाराला परत बसवावी लागे. ही अट विसरून नुसता नगावर दर लावला, तर सोंडेला चीर गेलेला माल वाढतो. आणि डोळ्यांची आखणी करणाऱ्याला तर घाई लावूच नये.

याहून जवळचा अभ्यास ओडिशातला. तिथे सालाच्या पानांच्या पत्रावळी नगावर बनवणाऱ्या ४०८ मजुरांना घेऊन सुप्रीत कौर, सेंधिल मुल्लैनाथन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग केला. दिवस कामधंदा नसण्याचे, घरोघरी देणी थकलेली. सगळ्यांना दर सारखाच, फक्त काहींना त्यांच्या कमावलेल्या पैशाचा मोठा भाग आधी दिला. बक्षीस नव्हे, त्यांचेच पैसे, थोडे लवकर. ज्यांना आधी मिळाले, त्यांनी देणी फेडली, आणि काम सरासरी सात टक्क्यांच्या आसपास वाढलं. जे जास्त गरीब, त्यांच्यात फरक जास्त. चुकाही घटल्या, पानात दोनदा काडी टोचणं वगैरे. डोक्यात सावकार घोळत असेल तर हात चुकतो, हे तिथे पत्रावळी मोजून दिसलं.

आपल्याकडे उचल देण्याची पद्धत आहेच. पण उचल म्हणजे बहुतेक वेळा न केलेल्या कामाचं कर्ज, जे माणसाला हंगामभर बांधून ठेवतं. ओडिशात दिले ते केलेल्या कामाचे पैसे. चतुर्थी झाल्यावर एकरकमी हिशेब करण्यापेक्षा दर शनिवारी चुकता केला, तर मालकाचा खर्च एक रुपयानेही वाढत नाही. अट एकच, त्याच्याकडे दर शनिवारी रोकड हवी. इथे बयाणा आणि मजुरी हे दोन विषय एकमेकांना येऊन मिळतात.

तारापूरला काय झालं

हे सगळं मोठ्या कंपन्यांचं, असं वाटत असेल तर पालघर जिल्ह्यातलं तारापूर पाहा. स्टॅनफर्डचे निकोलस ब्लूम, जागतिक बँकेचे डेव्हिड मॅकेन्झी आणि सहकाऱ्यांनी २००८ पासून तारापूर आणि शेजारच्या उंबरगावमधल्या कापड गिरण्यांत प्रयोग केला. १७ मालक, २८ गिरण्या. काही ठिकाणी सल्लागारांनी पाच महिने बसून साध्या गोष्टी लावून दिल्या : सुताच्या गोण्यांवर चिठ्ठी, वाटेतला कचरा साफ, मशीन बंद पडल्याची नोंद, कापडातले दोष रोज लिहून त्यावर रोज बैठक. उत्पादकता पहिल्याच वर्षी १७ टक्के वाढली. दोष ४० टक्क्यांहून जास्त घटले.

आधी का केलं नाही, असं विचारल्यावर बऱ्याच मालकांचं म्हणणं होतं, आमचा माल इतरांसारखाच, गरज काय? दुसरं कारण पेणमध्येही ओळखीचं वाटेल. धंदा किती वाढवायचा, हे घरात विश्वासाचे पुरुष किती यावर ठरत होतं. बाहेरच्या माणसाच्या हाती किल्ल्या द्यायला कुणी तयार नव्हतं.

अभ्यासक २०१७ मध्ये पुन्हा गेले. लावून दिलेल्या सवयींपैकी जवळपास निम्म्या सुटल्या होत्या, मुख्यतः मॅनेजर बदलला किंवा मालकाला वेळ उरला नाही म्हणून. तरीही त्या गिरण्या बाकीच्यांच्या पुढेच होत्या, आणि काही सवयी त्याच मालकांच्या दुसऱ्या गिरण्यांत आपोआप पोचल्या होत्या.

पेणच्या एखाद्या कारखान्यात हे सुरू करायला सल्लागार लागत नाही. साच्याप्रमाणे किती नग निघाले, किती तुटले, किती व्यापारी माल संपल्यामुळे परत गेले, ही तीन खाती एका वहीत पुरतात. तिसरं खातं सहसा कुणी ठेवत नाही. विकलेल्या मूर्तींची नोंद असते, न मिळालेल्या मूर्तींसाठी परत गेलेल्या गिऱ्हाइकाची नसते, आणि पुढच्या दिवाळीनंतर नग किती काढायचे हे ठरवायला तोच आकडा लागतो.