दुभाष्याची चूक

१६१३ साली सुरतेत इंग्रजांची वखार कायम झाली, तेव्हा साहेब आणि येथील व्यापारी यांच्यामध्ये दुभाष्या बसे. त्याचा एक शब्द चुकला की सौदा बिघडे. संगणकातही असा दुभाष्या असतो. आपण लिहिलेल्या आज्ञा वाचून तो त्या यंत्राकडून पार पाडून घेतो. त्याच्या चुकीची झळ माझ्या वर्गाला लागली.

आमच्या गुणपत्रकांचा कार्यक्रम एका माजी विद्यार्थ्याने 'पीएचपी' या भाषेत रचून दिला होता. परीक्षेस न बसलेल्या मुलापुढे आम्ही 'गैरहजर' असे लिहीत असू. एके दिवशी उधन्याहून एक यंत्रमाग कामगार मुलीला घेऊन आले. "सर, ही नंदुरबारला आजीकडे तापाने पडली होती. पेपरच दिला नाही, मग शून्य गुण मिळवून नापास कशी झाली?" मुलगी मान खाली घालून उभी होती. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

ते पुढे सापडले. 'गुण शून्याबरोबर असल्यास नापास' अशी कार्यक्रमात अट होती. शब्दाची तुलना संख्येशी करावयाची झाल्यास हा दुभाष्या आधी शब्दाची संख्या करी; आरंभी आकडा नसेल तर सरळ शून्य धरी. म्हणजे 'गैरहजर' बरोबर शून्य! रासमुस लेर्डोर्फ यांनी १९९५ साली ही भाषा संकेतस्थळांसाठी लोकांपुढे आणली. तेथे भरलेला आकडाही मजकूर म्हणूनच येतो, म्हणून ही सवलत. (देवनागरी आकडा मात्र त्याला निव्वळ शब्द वाटतो, हे आपले दुर्दैव.)

नोव्हेंबर २०२० मध्ये निघालेल्या आठव्या आवृत्तीत हा नियम उलटला. मजकूर संख्येसारखा नसेल तर आता संख्येचाच मजकूर करून दोन्ही ताडून पाहतात, आणि 'गैरहजर' शून्याहून वेगळा ठरतो. जुने असंख्य कार्यक्रम पूर्वीच्या नियमावर विसंबून असणार, म्हणून असा बदल मोठ्या आवृत्तीसाठीच राखून ठेवावा लागतो.

आमच्या शाळेत जुनीच आवृत्ती होती. आम्ही प्रथम बरोबरीची दोन चिन्हे होती तेथे तीन घातली. त्यामुळे रूपांतर थांबते. परंतु मग खरोखर शून्य मिळालेला मुलगाही नापासांतून सुटला, कारण त्याचे शून्यही मजकूरच होते! अखेर आधी 'गैरहजर' हा शब्द तपासावा, तो नसेल तरच मजकुराची संख्या करावी, असा क्रम लावला. दोन्ही मुलांची गुणपत्रके पुन्हा छापली. फेरपरीक्षेत त्या मुलीला ६१ गुण मिळाले.