काल कुठवर आलं?

सध्या कोणता ग्रंथ वाचनात आहे आणि त्यातले काय मनाला भिडले, हे दुसऱ्याला सांगण्याची रीत छापील परीक्षणांहून पुष्कळ जुनी असून, यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात, किंबहुना अवघ्या विदर्भात, तिची मुळे सामूहिक ग्रंथवाचनात आहेत. एकाने मोठ्याने वाचावे, जाणत्याने थांबून थांबून अर्थ उलगडावा, म्हणजे निरूपण करावे, आणि बाकीच्यांनी ऐकावे, असे या वाचनाचे स्वरूप असते.

श्रावणात पोथी लागते तेव्हा लाल कापडात बांधलेली सुटी पाने पाटावर उघडली जातात, एकेक पान वाचून बाजूला ठेवले जाते आणि अध्याय संपला की पुन्हा गाठ मारली जाते. श्रीधरस्वामींचे ‘शिवलीलामृत’ (१७१८) अशाच वाचनातून अक्षरओळख नसलेल्या घरांतही पोहोचले. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ‘ग्रामगीता’ (१९५५) ओवीत रचली, त्यामुळे तिचे ४१ अध्याय चारचौघांत बसून वाचणे आणि ऐकणे सोपे झाले. बौद्ध विहारांत आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. पावसाळ्यात भिक्खूंनी एके ठिकाणी राहून धम्मोपदेश करावा, या प्राचीन प्रथेला धरून या तीन महिन्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालते.

हेच दिवस कपाशीच्या निंदणाचे आणि डवरणीचे असल्याने, रात्री ज्याला जाता आले नाही तो सकाळी कपाशीच्या तासाला लागता लागता शेजाऱ्याला ‘काल कुठवर आलं?’ असे विचारतो, आणि त्या उत्तरात कथेचा धागा, सांगणाऱ्याला आवडलेला प्रसंग आणि क्वचित त्याची शंकाही येते. पुस्तक कुठवर आले हे सांगताना माणूस ते स्वतःही दुसऱ्यांदा वाचत असतो.

मनातल्या मनात वाचण्याची सवय रुजली तसे वाचन एकट्याचे झाले आणि हा प्रश्न मागे पडला. महाराष्ट्रात १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने ग्रंथालयांना मान्यता व अनुदानाची चौकट दिली. ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ अशा वर्गांतून ग्रंथालये लहान गावांपर्यंत पोहोचली. ग्रंथालयाच्या पुस्तकात चिकटवलेल्या चिठ्ठीवर परतीच्या तारखांचे शिक्के एकाखाली एक दिसतात, परंतु पुस्तक कितीदा बाहेर गेले एवढेच ते सांगतात, कोणाला काय मिळाले हे सांगत नाहीत. ग्रंथालयशास्त्रज्ञ शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांपैकी एक ‘प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक’ असे आहे. आणि तो वाचक जोडून देण्याचे काम कपाटापेक्षा आधीच्या वाचकाचा शब्द अधिक सहजतेने करतो.

केळापूर तालुक्यात या शब्दाचे मोल आणखी वाढते, कारण येथे मराठीबरोबर गोंडी आणि कोलामी बोलल्या जातात आणि तेलंगणाची सीमा जवळ असल्याने तेलुगूही कानावर पडते. ज्या पुस्तकाचा आपल्या बोलीत अनुवाद झालेला नाही, ते वाचणाऱ्या मुलीने घरी आजीला तिच्या बोलीत सांगितले, तर त्या घरापुरता तो अनुवादच ठरतो.

यवतमाळला १९७३ साली ग. दि. माडगूळकर आणि २०१९ साली अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. असा सोहळा तीन दिवसांत आटोपतो. वर्षाच्या उरलेल्या दिवसांत पुस्तके फिरती ठेवण्याचा भार वाचकांच्या बोलण्यावरच असतो. त्यासाठी पुस्तक संपण्याची वाट पाहावी लागत नाही आणि समीक्षकाची भाषाही लागत नाही. केळापूर तालुक्यातल्या पांढरकवड्याच्या बसथांब्यावर, शाळेच्या ओसरीवर किंवा वेचणीच्या ओळीत कोणी कोणाला ‘कुठवर आलं?’ असे विचारले, तर अर्ध्यावर असलेले पुस्तकही त्या क्षणी दोघांचे होते.